सोळा फुटी ट्रेलर घेण्याआधी वजनकाट्यावर जाऊन या

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात. हे गृहस्थ नऊ वर्षं सुतारकाम आणि घरांच्या नूतनीकरणाची कामं घेतात. सोबत दोन मदतनीस असतात. स्वयंपाकघरं, कपाटं, दारं-खिडक्या, मधूनच एखादी लाकडी जमीन अशी कामं. हत्यारं पिकअपच्या हौद्यात. सकाळी चढवायला नि संध्याकाळी उतरवायला मिळून रोज सव्वा तास जातो, आणि तरीही हवं ते ड्रिलचं बिट नेमकं घरीच राहतं. आता त्यांना बंद ट्रेलर घ्यायचाय. एका व्यवसायबंधूचा आठ वर्षं जुना, सोळा फूट लांब, सात फूट रुंद, दोन ॲक्सलचा ट्रेलर स्वस्तात मिळतोय आणि उत्तर याच आठवड्यात द्यायचंय. ते लिहितात, "एकदाच घ्यायचं तर मोठंच घ्यावं. सामान सगळं मिळून चारेकशे किलो असेल, पिकअप २,२५० किलो ओढते. आतच मायटर सॉचं, म्हणजे कोनात कापणाऱ्या करवतीचं, टेबल बसवलं तर पावसातही काम थांबणार नाही." पत्नीला बारा फुटी पुरेसा वाटतो. मोठ्या मदतनिसाचं म्हणणं, ट्रेलर नकोच, व्हॅन घ्या. मागे रॅम्प असावा की दोन झडपांचं दार, हेही त्यांनी विचारलंय.

उत्तर:

तुम्हा तिघांची तीन मतं आहेत आणि तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण तुम्ही लांबीपासून सुरुवात केलीत, तिथेच घोडं पेंड खातंय. ट्रेलरची लांबी हा शेवटचा प्रश्न. आधी दोन गोष्टी कळायला हव्यात: सव्वा तास नेमका कशात जातो, आणि सामानाचं खरं वजन किती.

सव्वा तासाचा हिशोब सोपा आहे. एक आठवडा घड्याळ लावून दोन आकडे वेगवेगळे लिहा, उचलण्यात किती मिनिटं गेली आणि शोधण्यात किती. उचलण्याचा वेळ ट्रेलर वाचवतो, कारण सामान आतच राहतं. शोधण्याचा वेळ ट्रेलर वाचवत नाही, उलट वाढवू शकतो. बिट घरी राहिलं ते हौद्यात जागा नव्हती म्हणून नाही, त्या बिटाला ठरलेली जागा नव्हती म्हणून. सोळा फुटांच्या डब्यात तेच बिट अधिक मोठ्या पसाऱ्यात हरवेल. शोधण्याचा आकडा निम्म्याच्या वर निघाला, तर आधी एकसारख्या डब्यांचा संच करा आणि प्रत्येक डब्यावर नाव लिहा. हे डबे पुढे ट्रेलरमध्ये जसेच्या तसे जातील, म्हणजे खर्च वाया जात नाही.

आता तुमच्या मदतनिसाची व्हॅन. तो चुकीचं बोलत नाही, फक्त वेगळ्या धंद्याबद्दल बोलतोय. दिवसाला दोन-तीन ठिकाणी जाऊन दारं घासणं, कुलपं बसवणं, बिजागऱ्या बदलणं अशी कामं असतील तर व्हॅनला तोड नाही. जोडायचं-सोडायचं काही नाही, कुठेही उभी राहते. ट्रेलरचा फायदा सुरू होतो तो काम एकाच घरी आठवडा-दोन आठवडे चालतं तेव्हा. ट्रेलर तिथे सोडून पिकअप मोकळी होते, लाकूड आणायला, राडारोडा टाकायला. गेल्या वर्षीची कामं मांडून पाहा. पाच दिवसांहून लांबलेली कामं तुमच्या एकूण दिवसांपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास असतील तर ट्रेलर योग्य. स्वयंपाकघरं करता म्हणजे बहुधा तसंच असेल. मधल्या किरकोळ कामांसाठी ट्रेलर घेऊन फिरू नका. वर म्हटलेल्या डब्यांतले चार-पाच पिकअपमध्ये टाका आणि जा.

चारशे किलो? नाही

सामानाच्या वजनाचा अंदाज जवळजवळ सगळेच कमी धरतात, कारण आपण यंत्रं मोजतो आणि खिळे विसरतो. तुमच्या कामाच्या धाटणीवरून एक यादी धरून चालू.

घडीच्या स्टँडसकट टेबल सॉ ५० किलो. १२ इंची सरकता मायटर सॉ आणि त्याचा स्टँड मिळून ४५. कंप्रेसर, नळी, चार नेलगन ३५. बॅटरीवरची सगळी यंत्रं, चार्जर, राउटर, सँडर, ट्रॅक सॉ नि त्याचे रूळ ६५. वीस क्लॅम्प ६०, आणि हा आकडा वाचून कुणाचाही विश्वास बसत नाही, पण जाड दांड्याचा एक लांब क्लॅम्प सहज तीन-साडेतीन किलो भरतो. दोन शिड्या ३५. धूळ ओढणारा व्हॅक्यूम १५. लहान जनरेटर २२. स्क्रू, खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे १००. गोंद, सीलंट, रंग ४०. स्टेपनी २०. आता ज्या दोन गोष्टी यादीत कधीच नसतात त्या: आतली मांडणी १८ एमएम प्लायची केली तर सहा-सात पत्रे लागतात, म्हणजे २०० किलो, आणि कामावर न्यायचे पाच पत्रे म्हणजे आणखी १५०. आठ बाय चारचा १८ एमएम प्लायचा पत्रा ३० किलोच्या आसपास असतो, एमडीएफचा ४०.

बेरीज ८३७ किलो. तुमच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त. तुमचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण चारशे नक्कीच नसेल. अंदाजावर राहू नका. पिकअपमध्ये सगळं भरून मोठ्या वजनकाट्यावर जा, मग रिकामी गाडी घेऊन जा, आणि फरक लिहून ठेवा. मांडणीचं आणि प्लायचं वजन त्यात वरून मिळवा.

आता हे ८३७ किलो ट्रेलरच्या रिकाम्या वजनावर चढवू. सात बाय सोळाचा दोन ॲक्सलचा बंद ट्रेलर रिकामा सुमारे १,१५० किलो असतो. एकूण १,९८७. पिकअपच्या २,२५० च्या आत बसलं, असं वाटेल. पण ती मर्यादा म्हणजे रोज गाठायची पातळी नव्हे. चढ, ऊन आणि अचानक दाबावा लागणारा ब्रेक यांसाठी वीस टक्के हातचे राखून १,८०० किलोच्या आत राहावं. शिवाय सोळा फुटांत मोकळी जागा उरते, आणि मोकळी जागा भरते. उरलेली लादी, जुनी चौकट, 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेलं अर्धं दार. सहा महिन्यांत दोनशे किलो वाढल्याचं कळतही नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, वजन मात्र असतं.

सात बाय बाराचा दोन ॲक्सलचा ट्रेलर रिकामा ९५० किलोच्या आसपास. एकूण १,७८७. काठावर, पण आत. तुमच्या पत्नीचा अंदाज इथे बरोबर ठरतो.

बारा फुटांत एक ॲक्सलचा घ्यावा का? स्वस्त, हलका, टायर दोनच. रिकामं वजन धरा ६५०, म्हणजे भरून १,४८७. एका नेहमीच्या ॲक्सलची क्षमता १,५८८ किलो असते, म्हणून विक्रेता 'आरामात चालेल' म्हणेल. त्याला पुढच्या बाजूला ठोकलेली पाटी वाचून दाखवायला सांगा. एका ॲक्सलच्या अनेक ट्रेलरवर एकूण वजनाची मर्यादा १,३६० किलोच छापलेली असते. ॲक्सल काय पेलू शकतो याला अर्थ नाही, पाटीवर काय आहे त्यालाच अर्थ. शिवाय एका ॲक्सलच्या ट्रेलरचा टायर वाटेत फुटला तर तो बाजूला कलंडतो. दोन ॲक्सल असतील तर उरलेली तीन चाकं सावकाश कडेपर्यंत नेतात. तुमच्या वजनाला दोनच ॲक्सल. ज्या वाचकांचं सामान मांडणीसकट चारशेच्या आत आहे त्यांनी मात्र सहा बाय दहाचा एक ॲक्सलचा खुशाल घ्यावा.

याच न्यायाने, तुमच्या मित्राच्या ट्रेलरच्या पाटीवर ३,१७५ किलो असेल आणि तो 'तीन टन नेतो' म्हणत असेल, तर ते ट्रेलरपुरतं खरं आहे. ओढणारी गाडी, हिच (गाडीमागचा जोड), त्यावरचा बॉल, कपलर (बॉल पकडणारी ट्रेलरच्या नाकावरची वाटी), टायर, यांतला सर्वांत लहान आकडा तुमची मर्यादा.

हिचवर पडणारा भार

ओढण्याची क्षमता सगळे विचारतात, हिचवरचा भार कुणी विचारत नाही. ट्रेलरचं नाक बॉलवर जो दाब देतं तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. तुमच्या १,७८७ किलोला १२ टक्के धरले तर २१४ किलो. हे २१४ किलो पिकअपच्या स्वतःच्या भारवहन क्षमतेतून वजा होतात. समजा तुमच्या गाडीच्या पाटीवर ६०० किलो लिहिलंय. तिघे जण २२५, हिच २१४, उरले १६१. म्हणजे ट्रेलर जोडलेला असताना हौद्यात सिमेंटची तीनच गोणी टाकता येतील. काही देशांतल्या गाड्यांना हिचवर १०० किलोपर्यंतच भार चालतो आणि तिथले ट्रेलर त्या बेताने, ॲक्सल थोडा पुढे ठेवून बनवलेले असतात. दोन्हीकडचे नियम एकमेकांत मिसळू नका. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम.

भार कमी पडला तर? शेपूट जड झालेला ट्रेलर वेग वाढला की डावी-उजवीकडे झुलायला लागतो, आणि एकदा झुलू लागला की ओढणाऱ्या गाडीलाच हलवतो. सुतारांच्या ट्रेलरमध्ये हे हमखास होतं, कारण जड यंत्रं दाराजवळ हवी असतात. टेबल सॉ, मायटर सॉ, कंप्रेसर सगळं मागच्या दाराशी, आणि पुढे हलके सँडपेपरचे डबे. उलट करा. जड ते ॲक्सलवर आणि त्याच्या जरा पुढे, हलकं मागे. साधारण साठ टक्के भार ॲक्सलच्या पुढच्या अर्ध्यात.

भार मोजायला घरातला वजनकाटा पुरतो, फक्त तो एकटा २१४ किलो पेलणार नाही. एक मजबूत वासा आडवा घ्या. त्याचं एक टोक जमिनीवरच्या पाइपवर, दुसरं काट्यावर ठेवलेल्या पाइपवर, दोन्ही पाइपांत तीन फूट अंतर. काट्यावरचा पाइप आणि पलीकडचा पाइप एका पातळीत येतील असा ठोकळा द्या. ट्रेलरचं नाक वाशावर असं टेकवा की ते जमिनीवरच्या पाइपापासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट येईल. काट्यावर दिसेल त्याला तिनाने गुणा. वाशाचं वजन आधी काट्यावर शून्य करून घ्या. चाकांना पुढे-मागे ठोकळे लावल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

ब्रेकबद्दल एवढंच: या वजनाला ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक हवेतच. अनेक देशांत ७५० किलोच्या वर ते सक्तीचे आहेत, काही ठिकाणी मर्यादा वेगळी आहे, परवान्याच्या अटीही बदलतात. आपल्या भागातल्या वाहन नोंदणी कार्यालयात आधी विचारून घ्या. ब्रेक विजेवर चालणारे असतील तर गाडीत त्यांचा कंट्रोलर लागेल. तो खर्च ट्रेलरच्या किमतीत धरा.

बारा फुटांत कसं मावेल

सात फूट रुंदी बाहेरून असते, आतून ८० इंच मिळतात. एका बाजूला १६ इंच खोल मांडणी, दुसऱ्या बाजूला तेवढीच, मध्ये ४८ इंचांची वाट. प्लायचा पत्रा आडवा टाकायला बरोबर एवढीच जागा लागते, हा योगायोग सोयीचा आहे. खोली १६ इंचच का? बाजारात मिळणारे एकावर एक बसणारे हत्यारांचे डबे साधारण ४०० एमएम लांब असतात. त्याहून खोल कप्पा केला तर मागे दुसरी रांग लागते आणि मागच्या रांगेत गेलेली वस्तू पुन्हा विकत घेतली जाते. सहा फूट रुंदीच्या ट्रेलरमध्ये हेच केलं तर वाट ३६ इंचांची उरते. चालता येतं, पण हातात दाराची चौकट घेऊन वळता येत नाही.

पत्रे उभे ठेवा, भिंतीलगत सहा इंचांच्या खाचेत. पाच पत्र्यांना ९० एमएम लागतात, वर हाताला जागा राहते. ही खाच ॲक्सलच्या वर येऊ द्या, आणि तिच्या समोरच्या बाजूला स्क्रू-खिळ्यांचे खण, म्हणजे डावं-उजवं तोललं जातं.

लांबीचा एक खरा मुद्दा तुमच्या पत्रात नाही, तो मीच मांडतो. पट्ट्या, मोल्डिंग, स्कर्टिंग हे लांब येतं, आणि बारा फुटी डब्यात चौदा फुटी पट्टी मावत नाही. त्यावर उपाय म्हणजे व्ही आकाराचं नाक असलेला डबा. ते नाक ओढदांड्यावरच्या रिकाम्या जागेत येतं, म्हणून एकूण लांबी न वाढता आत मध्यभागी सुमारे दोन फूट मिळतात. छताखाली मधोमध एक अरुंद जाळी टांगली की चौदा फुटी पट्ट्या तिथे. याहून लांब पट्ट्या वर्षातून दोनदा लागत असतील तर त्या पिकअपच्या रॅकवर जाऊ द्या. त्यासाठी सोळा फुटी ट्रेलर रोज ओढू नका.

एक गोष्ट मात्र सोळा फुटीच्या बाजूची सांगायला हवी. रिव्हर्स घेताना लांब ट्रेलर सोपा जातो. आखूड ट्रेलर स्टीअरिंगला लगेच वळतो आणि बघता बघता काटकोनात येतो. पण रिव्हर्सला मुळात जागा तर हवी. सोळा फुटी डबा, चार फुटी ओढदांडा आणि पुढे अठरा फुटी पिकअप म्हणजे ३८ फूट. लोक राहत असलेल्या घरांची कामं करता, तर तेवढी रिकामी कड घरासमोर किती वेळा मिळते, हे तुम्हालाच ठाऊक.

आत बसून कापायचं?

माझं मत सरळ आहे: नको. बारा फुटी पट्टी मध्ये कापायची तर करवतीच्या दोन्ही बाजूंना लांबी लागते. त्यासाठी लोक भिंतीत झडप कापतात, म्हणजे कापण्याच्या सोयीसाठी पाणी आत यायला वाट करून देतात. शिवाय बंद डब्यात भुसा बॅटऱ्यांवर, चार्जरवर, गोंदाच्या डब्यांवर बसतो, आवाज पत्र्यावर घुमतो, आणि मायटर सॉचं पक्कं टेबल मांडणीची आठ फूट भिंत खाऊन टाकतं. चाकांच्या स्टँडवरचा सॉ दोन मिनिटांत बाहेर येतो. पावसासाठी बाजूच्या दारावर गुंडाळता येणारं छत लावा आणि सॉ त्याखाली उभा करा. आत ठेवायचंच तर धार लावायला, बिट बदलायला, नकाशा पसरायला दोन फुटी घडीची फळी ठेवा. आणि जनरेटर आत चालवणं कोणत्याही परिस्थितीत नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रॅम्प की झडपा

रॅम्प उघडायला ट्रेलरच्या मागे साडेसहा-सात फूट मोकळे लागतात. रस्त्याच्या कडेला ट्रेलर लावला, मागे कुणी मोटार चिकटवून गेलं, की तुमची हत्यारं दिवसभर कोंडली. झडपांचं तसं नाही, एक झडप उघडली तरी माणूस आत जातो. पण जमिनीपासून ट्रेलरचा तळ ४५ ते ५० सेंटिमीटर उंच असतो. ५० किलोचा टेबल सॉ तेवढा उचलायचा, दिवसातून दोनदा, वर्षभर, यात कंबर जाते. तुम्हाला मी दोन झडपांचं दार, शिवाय पुढच्या बाजूला ३६ इंची बाजूचं दार, आणि एक सुटा ॲल्युमिनियमचा उतार सुचवेन, जो आत भिंतीला अडकवून ठेवता येतो. ज्यांची कामं मोकळ्या प्लॉटवर असतात त्यांनी रॅम्पच घ्यावा. जुना रॅम्प घेताना त्याची खालची कड पाहा. ओल्या जमिनीला टेकून तिथलं प्लाय आधी कुजतं.

मित्राचा ट्रेलर बघायला जाणारच असाल तर

जा, पाहण्यात काही वाईट नाही, आणि हीच तपासणी पुढे दुसऱ्या कोणत्याही जुन्या ट्रेलरला लागेल. जुने कपडे, टोच्या, टॉर्च आणि एक मदतनीस सोबत न्या.

आधी खाली झोपा. तळाच्या आडव्या पट्ट्या १६ इंचांवर आहेत की २४ वर? भिंतीतल्या उभ्या पट्ट्याही १६ वर हव्यात. २४ इंचांवरच्या पट्ट्यांमधला तळ टेबल सॉच्या चाकांखाली लवतो. मागच्या दाराशी आणि चाकांच्या खोबणीभोवती खालून टोच्या दाबून पाहा. लाकूड घट्ट असेल तर टोक अडतं, कुजलं असेल तर लोण्यात घुसल्यासारखं जातं. ओढदांडा जिथे चौकटीला वेल्ड केलाय तिथे रंगाखालून केसासारखी भेग आणि गंजाची रेघ शोधा. पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, टांगे वाकलेत का, त्यांची भोकं लांबट झालीत का, पाहा. पाट्यांऐवजी रबरी टॉर्शन ॲक्सल असतील तर प्रवास मऊ होतो, पण दोन टॉर्शन ॲक्सल एकमेकांत भार वाटून घेत नाहीत. ट्रेलर नाकाने वर किंवा खाली झुकून ओढला की एकाच ॲक्सलवर जास्त बोजा येतो. हिचची उंची बरोबर जमत नसेल तर पाटेच बरे.

मग पाणी. मदतनिसाला आत कोंडा, दारं बंद करा, आणि वीस मिनिटं नळीने छतावर पाणी सोडा. फवारा नको, पावसासारखं पडू द्या. गळती बहुधा चार ठिकाणी सापडते: छत आणि भिंतीचा जोड, वरच्या कडेचे छोटे दिवे, छतातली हवेची खिडकी आणि व्ही नाकाचा वरचा कोपरा. एका अखंड पत्र्याचं छत असेल तर निम्मी काळजी कमी. आतल्या प्लायवर चहाच्या डागासारखं वर्तुळ दिसलं आणि त्यावर ताजा रंग असेल, तर रंग कशासाठी दिला ते विचारा.

टायरची नक्षी बघून फसू नका. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने म्हातारे होतात. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे चारही टायर बदलायचे, असं धरूनच किंमत बोला. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. खुळखुळलं तर बेअरिंग सैल किंवा खलास. मग पंधरा किलोमीटर ओढून आणा आणि चारही हबांजवळ, म्हणजे चाकांच्या मध्यभागाजवळ, हात न्या, लगेच टेकवू नका. एकच बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथे ग्रीस नाही किंवा ब्रेक अडकतोय. ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी पिन ओढून पाहा: चाकं धरली पाहिजेत. धरली नाहीत तर आधी ट्रेलरवरची बॅटरी पाहा, मग वायर. पिन लगेच परत बसवा, नाहीतर बॅटरी उतरते. आणि चौकटीवर कोरलेला क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर जुळवा.

घेतल्यानंतर पहिल्या ८० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळा. बेअरिंग वर्षातून एकदा उघडून नवं ग्रीस भरा. एवढ्यावर भागतं.

मांडणी ठोकताना

भिंतीचं प्लाय ९ एमएमचं असतं, ते वजन पेलायला नाही. मांडणी त्यामागच्या लोखंडी पट्ट्यांतच पकडली पाहिजे. पट्टी शोधायला चुंबक पुरतो. स्क्रूची लांबी मोजून घ्या: तुमची आधारफळी १८, भिंतीचं प्लाय ९, लोखंडी नळी २५, म्हणजे ५२ एमएमवर बाहेरचा पत्रा. ४५ एमएमचा स्वतः भोक पाडणारा स्क्रू नळीत घट्ट बसतो आणि पत्रा फोडत नाही. ५५ चा घेतलात की बाहेर पुरळ उठल्यासारखी टोकं दिसतील आणि पहिल्या पावसात तिथूनच पाणी येईल. दिव्यांची वायर वरच्या कडेने जाते, त्या सहा इंचांत स्क्रू नकोत.

प्रत्येक कप्प्याला पुढे दोन इंचांची कड द्या आणि कप्पा मागे किंचित कलता ठेवा. खणांना साधी सरकती चॅनल लावाल तर पहिल्याच वळणावर खण वाटेत येईल. कुलूप होणारी चॅनल घ्या किंवा पुढून एक आडवी पट्टी टाका. पहिला महिना सगळं ठोकून टाकू नका. निम्मे कप्पे पट्ट्यांवर सुटे ठेवा, कारण वापरात आल्यावर निम्म्या जागा बदलतातच.

थंड हवेच्या भागातल्या वाचकांसाठी: लिथियम बॅटऱ्या शून्य अंशांच्या खाली चार्ज केल्या की आतून बिघडतात, आणि पाण्यावर आधारलेला गोंद गोठला की पुन्हा पहिल्यासारखा चिकटत नाही. हे दोन डबे रात्री घरात. दमट भागात टेबल सॉच्या माथ्यावर मेणाचा हात द्या.

चोरी हा वेगळ्या पत्राचा विषय होईल, म्हणून थोडक्यात. गोल, कडी लपलेली कुलपं दारांना, एक कुलूप कपलरला, एक चाकाला, आणि रात्री मागचं दार भिंतीला चिकटवून ट्रेलर लावणं. झडपांच्या बिजागऱ्यांचे खिळे बाहेरून निघतात का पाहा. निघत असतील तर वेल्डचा एक टिपका द्या. प्रत्येक यंत्राचा क्रमांक फोटोसकट नोंदवा. गाडीच्या विम्यात ट्रेलरमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून मिळत असलं तरी आतली हत्यारं बहुधा त्यात नसतात. विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

मित्राला काय सांगायचं

'याच आठवड्यात' ही त्यांची घाई आहे, तुमची नाही. त्यांना सांगा की गाडीची मर्यादा १,८०० धरतोय आणि तुमचा ट्रेलर भरून दोन हजाराला टेकतो. धंद्यातल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं, रुसवाफुगवी होत नाही. पुढेमागे मोठी पिकअप घ्यायचं नक्की असेल तर मात्र गणित बदलतं. तेव्हा हाच ट्रेलर, वरची तपासणी पार पडली तर, चांगला सौदा ठरू शकतो. पण 'कधीतरी घेऊ' हे नक्की नव्हे.

तोवर अंगणात खडूने ८० इंच बाय १२ फुटांचा चौकोन आखा. दोन्ही कडांना १६ इंचांच्या रेघा मारा. घरातली सगळी हत्यारं त्यात मांडा, मदतनिसांना मधल्या वाटेतून मायटर सॉ बाहेर काढायला सांगा. जे रेघेबाहेर राहील त्याला गेल्या सहा महिन्यांत किती वेळा हात लागला, ते त्या दोघांना विचारा, तुम्ही स्वतः उत्तर देऊ नका. मग भाड्याने मिळत असेल तर एका कामापुरता बारा फुटी आणून बघा. आणताना बॉलचं माप कपलरवर कोरलेल्या मापाशी ताडून पाहा. दोन इंची बॉल सव्वादोन इंचांहून मोठ्या कपलरमध्ये बसल्यासारखा दिसतो, कडीही लागते, आणि पहिल्या खड्ड्यात निसटतो. कडी लावल्यावर नाकाखालचा जॅक दोन-तीन फेरे वर फिरवा. पिकअपची शेपूट सोबत उचलली गेली तरच जोड पक्का.